खिडकीजवळची खुर्ची

४ जानेवारी

प्रिय दादा, आणि दादा माझी पाकिटं उघडत नाही म्हणून ती उघडून त्याला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या वहिनी,

तुम्ही दोघं, मी, आणि संगीताच्या बाईंच्या अरुंद जिन्यावरून वाद्याची पेटी सांभाळत चढलेली जेवढी माणसं आज हयात आहेत, त्या सगळ्यांवर एक अन्याय झाला आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही, म्हणून सांगते. आमच्या वाचनालयात मागच्या शतकातल्या संगीतकारांचा नवा कोश आलाय. दोन खंड, एकेक उचलायला दोन हात लागतात. घोडदळाच्या संचलनासाठी धून लिहिणाऱ्या एका गृहस्थांना त्यात दीड पान दिलंय, मिशांच्या फोटोसकट. आपल्या बाईंना चार ओळी. जन्म, मृत्यू, ‘अनेक वर्षे अध्यापन’, आणि त्यांनी चार वाद्यांसाठी लिहिलेल्या त्या रचनेबद्दल एक वाक्य: ‘बांधणी नेटकी, परंतु मध्यभागी पोकळ.’

आयुष्यभर गिरणीच्या फाटकावर उभं राहून मी माणसांच्या वतीनं भांडले. हे वाक्य वाचलं आणि पायताण शोधू लागले. ग्रंथपाल म्हणाल्या, “अहो, आवाज.” मी म्हटलं, मी अजून तोंड उघडलेलं नाही. त्या म्हणाल्या, “तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो.”

तर मी कामाला लागले. तुला माहीत आहे, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तुझा तास संपेपर्यंत बाईंच्या पायरीवर बसून पुस्तकं वाचणं, एवढंच माझं संगीतशिक्षण. पण सध्या माझ्या पुढच्या खोलीत चार मुली सराव करतात. मुली म्हणायच्या, चौघींची लग्नं झाली आहेत. त्यांच्या घरी जागा नाही, माझ्या घरी माणसं नाहीत. त्यांना मी वाद्यांवरूनच ओळखते: पहिली, दुसरी, व्हायोलावाली (वहिनी, व्हायोला म्हणजे जरा मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन) आणि चेलोवाली (ते त्याहून थोरलं, गुडघ्यांत धरायचं). दोघींची व्हायोलिनं आहेत. त्यांतली पहिली म्हणजे फारच पहिली, दारातूनसुद्धा आधी तिची हनुवटी आत येते. चौघींना मी बाईंच्या शाळेत पिटाळलं. तिथल्या कपाटातून चारही वाद्यांचे कागद मिळाले. व्हायोलाच्या कागदावर पेन्सिलीनं तुझ्या खुणा आहेत, अजून.

काल त्यांनी ते वाजवलं. मी समोर खुर्ची टाकून, पदर खोचून बसले होते, न्याय होताना बघायला.

दादा, खरं लिहिते. कंटाळा आला.

पहिली व्हायोलिनवर बारीक बारीक शिवण घातल्यासारखं करत राहिली, चेलो खालून हुं हुं म्हणत राहिला, आणि मधे काही म्हणजे काही नाही. लग्नाचा मांडव, फुलं, दिवे, पाहुणे, आणि नवरा-नवरी आलेलेच नाहीत. शेवटी चौघींनी माझ्याकडे पाहिलं. चेलोवाली चांगली आहे. म्हणाली, “काकू, नेटकं आहे.” म्हणजे कोशातलाच शब्द, आणि तिनं कोश पाहिलेलासुद्धा नाही.

मला रात्रभर चैन पडलं नाही. कोशवाला चुकला असता तर मी त्याला सोलून काढला असता. पण तो बरोबर असेल तर? मग त्या जिन्यावर बसून मी जे ऐकलं होतं ते काय होतं? ते पोकळ नव्हतं. पुस्तकाचं पान उलटायचं राहून जायचं माझं. एवढं एकच सांग: त्यात होतं काय, आणि ते गेलं कुठे?

तुझी
भोंगा
(हे नाव तूच ठेवलं होतंस. वापरायला परवानगी आहे.)


१९ जानेवारी

दादा, वहिनी,

उत्तर नाही, ठीक आहे. मी थांबलेली नाही. पहिलीच्या हातापाया पडून पुन्हा वाजवायला लावलं. ती म्हणाली, “काकू, एखाद्या रचनेत नसतंच काही, त्याला आपण काय करणार?” मी म्हटलं, बाई, तू वाजव, काय करायचं ते मी बघते.

त्या वाजवू लागल्या आणि मी चहा टाकायला आत गेले. आता माझ्या घराची रचना लक्षात घे. पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून चौघी अर्ध्या वर्तुळात बसतात, जशा मंचावर बसतात तशाच. समोरच्याच्या डाव्या हाताला पहिली, मग दुसरी, मग चेलो, आणि उजव्या टोकाला व्हायोला. त्या व्हायोलाच्या मागे स्वयंपाकघराचं दार.

मी साखरेचा डबा हातात घेऊन त्या दारात आले आणि तिथेच खिळले.

सगळं तिथे होतं. मांडव नव्हे, लग्न. एक लांब, खालच्या पट्टीतली, गळ्यातून आल्यासारखी सुरावट. ती उठत होती, स्वतःलाच काहीतरी विचारत होती, अर्ध्यावर थांबून पुन्हा विचारत होती. आणि पहिलीची ती बारीक शिवण? ती त्या विचारण्याच्या कडेनं चालली होती, घाबरत घाबरत, मोठ्या माणसाचं बोट धरून चालावं तशी. ते मी ओळखलं. जिन्यातलं होतं ते.

दोन पावलं टाकून समोर आले. गेलं. पुन्हा पोकळ. दारात गेले, आलं. चौघींना वाटलं म्हातारी साखर घेऊन नाचतेय.

दादा, मला संगीत कळत नाही, पण आवाज कळतो. फाटकासमोर सभा असली की आधी मी वारा बघायची. कार्यकर्ते टेबल कुठेही मांडत, मी ते उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायला लावायची. त्यांना वाटे माझे नखरे. अरे, तोंड ज्या बाजूला, शब्द त्या बाजूला. एकदा एका हौशी पुढाऱ्यानं मला गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणाला फोटो चांगला येतो. त्या दिवशी सर्वात जास्त मतपरिवर्तन भिंतीचं झालं.

मी व्हायोलावालीला विचारलं, “तुझ्या वाद्याचं तोंड कुठे असतं?”

ती हसली. म्हणाली, “आमच्या वाद्याला तोंड असतं हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग तिनं दाखवलं. वरच्या फळीला दोन वळणदार भोकं असतात, आवाज तिथून निघतो. वाद्य डाव्या खांद्यावर, म्हणून फळी झुकते वाजवणारीच्या उजवीकडे. चौघी आत तोंड करून बसतात, म्हणून डाव्या टोकाला बसणाऱ्या पहिलीची फळी लोकांकडे. उजव्या टोकाला बसणाऱ्या व्हायोलाची फळी मागे. लोकांना वाद्याची पाठ.

“मग तू तिथे बसतेस कशाला?”

“तिथेच बसतात, काकू.”

दादा, मी हे वाक्य आयुष्यात हजार माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि हजार वेळा त्याच्याशी भांडलेय.

मी म्हटलं, पहिलीनं आणि व्हायोलानं जागा बदला. पहिली म्हणाली, “मी? त्या जागेवर?” जणू मी तिला मोरीत बसायला सांगितलं. चेलोवाली म्हणाली, “बस गं, तुझी हनुवटी तिकडूनही दिसेल.” दुसरी आयुष्यात कधी बोलत नाही, ती खुदकन हसली. त्यावर पहिली उठली. रागात का होईना, उठली.

मग त्यांनी वाजवलं. मी समोरच बसले होते या वेळी. काय झालं ते लिहिण्याची माझी ऐपत नाही, आणि माझी ऐपत नाही असं मी कधी लिहिलंय? एवढंच सांगते, संपल्यावर पहिली म्हणाली, “आता मला कळलं मी हे इतकं हळू का वाजवायचं.” आणि व्हायोलावाली डोळ्यांवर हात धरून बसून राहिली.

तर आता प्रश्न. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे, भांडायचं नाही. बाईंच्या खोलीत तुम्ही चौघं सरावाला बसायचात तेव्हा तू कुठे बसायचास? मी पायरीवर होते, आतलं मला दिसत नव्हतं. वहिनी, त्याला विचारा. आमटी वाढता वाढता विचारा, तेव्हा तो बेसावध असतो.

भोंगा


५ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचा. मग त्याला वाचून दाखवा, पण बसवून, आणि पंखा बंद करून, म्हणजे नीट ऐकू येईल.

तुमचं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यासाठी सांगितलेलं हे पहिलं वाक्य, ते मी पाठ केलंय. ‘तिला सांग, मला खिडकीजवळ, आपल्या डाव्या हाताला बसवायच्या. माझे डोळे अधू होते, उजेड लागायचा. त्यात संगीताचा काही संबंध नाही.’

संबंध नाही म्हणे.

म्हणजे असं झालं. अधू डोळ्यांच्या विद्यार्थ्याला बाईंनी मायेनं उजेडात बसवलं. पहिलं व्हायोलिन वाजवणारा दात आणि नजर दोन्ही धड असलेला गडी, तो गेला समोरच्या कोपऱ्यात. बाई टेबलाशी बसून ऐकत, आणि दादाच्या वाद्याचं तोंड सरळ त्यांच्याकडे. त्या खोलीत त्यांना जे ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं. व्हायोला बोलणार, व्हायोलिन ऐकून घेणार. मग कार्यक्रमाचा दिवस आला. सभागृहात विजेचे दिवे लख्ख. खुर्च्या शिपायानं नेहमीसारख्या मांडलेल्या. दादाला दिसण्याची अडचण नव्हती, म्हणून तो बिचारा सभ्य माणसासारखा आपल्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसला. कुणाच्याही मनात काही आलं नाही, कारण ती खुर्ची डोळ्यांसाठी होती, कानांसाठी आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ध्वनिमुद्रणाचा मायक्रोफोन लोकांच्या बाजूला, अगदी पुढे. आणि दादाच्या मागे तो जाड मखमली पडदा. त्यानं आयुष्यातलं सर्वात चांगलं वाजवलं असेल तर ते पडद्यानं ऐकलं.

कोशवाल्यानं तेच मुद्रण ऐकलं, दुसरं नाहीच. तो खोटं बोलला नाही. त्यानं तपासलं नाही. माझ्या मते हा मोठा गुन्हा आहे, पण ते जाऊ दे.

आता तुमच्या पत्रातला दुसरा भाग. तुम्ही लिहिलंत, त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हालाही मान वळवून, पाण्याचा तांब्या भरता भरता सांगितलं. की कार्यक्रम पडला, लोक जांभया देत होते, आणि तो खाली मान घालून वाद्य पुसत असताना बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, “मला हवं होतं ते सगळं ऐकू आलं रे.” आणि त्याला वाटलं, या माझी कीव करताहेत. पडलेल्या पोराला थोपटावं तसं थोपटताहेत. “त्या रागावल्या असत्या तर मी पुन्हा गेलो असतो,” असं तो म्हणाला ना? म्हणून तो परत त्या जिन्यावर चढलाच नाही. बाईंनी निरोप पाठवले, तो गेला नाही. व्हायोला बंद झाला. गाव सुटलं. बाई गेल्या तेव्हाही तो आला नाही.

वहिनी, तुम्ही लिहिलंत ‘मागून आल्या’. मी तो शब्द पन्नासदा वाचला. मागून म्हणजे कुठून?

काल चौघींना घेऊन मी त्या सभागृहात गेले. दुपारची वेळ, आत फक्त झाडूवाला. पडदा तोच, फक्त रंग उडालाय. आधी मी चौघींना जुन्या पद्धतीनं बसवलं, व्हायोला उजवीकडे टोकाला, आणि पुढच्या रांगेत बसून ऐकलं. पोकळ. मग बाजूच्या जिन्यानं मागे गेले. कार्यक्रमाच्या दिवशी बाई लोकांत बसल्या नव्हत्या, हे मला पक्कं आठवतं, कारण मी त्यांच्यासाठी धरून ठेवलेली जागा शेवटपर्यंत रिकामी होती. घाबरट होत्या त्या, स्वतःचं काही वाजणार असलं की लपायच्या. पडद्याच्या मागे लपायला एकच जागा आहे, उजव्या कोपऱ्यात, दोन पडदे जिथे मिळतात तिथे एक हातभर फट आहे. मी त्या फटीत उभी राहिले. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, व्हायोलावालीचा उजवा खांदा. आणि तिच्या वाद्याचं तोंड माझ्याकडे.

दादा, आता तू ऐक. नीट ऐक.

त्या फटीत सगळं ऐकू येतं. एकही सूर हरवत नाही. माझ्यासारख्या बहिऱ्या दगडाला ऐकू आलं. सभागृहातल्या सगळ्या लोकांमध्ये त्या संध्याकाळी एकच माणूस असा होता ज्यानं तुझं वाजवणं पुरतं ऐकलं, आणि तो माणूस म्हणजे बाई. त्यांनी थोपटलं नाही. कीव केली नाही. जे ऐकू आलं ते सांगितलं. लोक का जांभया देतात हे त्यांना कधी कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना वाटलं असेल लोक मूर्ख आहेत, आणि तू का येत नाहीस याचा विचार करत त्या पुढे जगल्या असतील.

हे पत्र मी उद्यावर ढकलत नाही, आत्ताच पेटीत टाकून येते.

भोंगा


१८ फेब्रुवारी

दादा,

वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, पत्र वाचून झाल्यावर तू चप्पल न घालता बाहेर गेलास आणि अंधार पडल्यावर आलास. मग विचारलंस, “ती फट उजवीकडेच होती का?” हो, उजवीकडेच. आपल्यात आता बोलणं सुरू झालं असं मी धरून चालते. पुन्हा बंद करायचं असेल तर तसं कळव, पण कारण देऊन.

एक गोष्ट अजून मला सुटत नाही. बाईंना स्वतःला हे कळलं होतं का? आमच्यात यावरून रोज वाद चालतो. चेलोवाली म्हणते, कळलं असतं तर त्यांनी कागदावर लिहिलं असतं, डावी खुर्ची व्हायोलाची म्हणून. दुसरी म्हणाली (हो, बोलली), “घरात बसून लिहिताना आपण खिडकी कुठे आहे ते लिहितो का?” मला तिचं पटलं. बाईंच्या आणखी दोन रचना शाळेच्या कपाटात आहेत. त्या आम्ही आणल्यात आणि खुर्च्या हलवून हलवून वाजवतोय. एका रचनेत चेलोला दारात बसवलं तेव्हा पहिली म्हणाली, “आता तर मला अंगणात पाठवा.” ती बदललीय. हनुवटी तेवढीच आहे, पण बदललीय.

आता कामाचं. इथल्या संगीत मंडळाचा वसंतातला कार्यक्रम ठरतोय. चौघींनी बाईंची रचना द्यायची असं ठरवून अर्ज केला. अध्यक्षांनी बोलावलं. गृहस्थ वाईट नाहीत, गळ्यात रुमाल बांधतात एवढंच. त्यांनी जुनं मुद्रण ऐकवलं, म्हणाले, “बघा, पोकळ आहे.” व्हायोलावालीनं जागा बदलायचं सांगितलं. त्यावर म्हणाले, “रचनेवर तसं लिहिलेलं नाही. उद्या कुणी म्हणेल, झाडावर बसून वाजवा. संगीतकाराची तशी इच्छा होती असं सांगणारं कुणी आहे?”

मी उठणार होते. माझं भाषण तयार होतं, पहिल्या वाक्यातच त्यांचा रुमाल उडाला असता. चेलोवालीनं माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं. घरी येताना म्हणाली, “काकू, तुम्ही त्या खोलीत नव्हता. तुम्ही पायरीवर होता.”

ते मला लागलं. कारण हेच तूही म्हणाला होतास. कार्यक्रम पडला तेव्हा मी खुर्चीवर चढून त्या जांभई देणाऱ्या लोकांना झोडपलं. त्या भाषणातला एकही शब्द मी मागे घेत नाही, ते लोक त्याच लायकीचे होते. पण तू बाहेर येऊन मला म्हणालास, “माझ्या वतीनं बोलायला तुला कुणी सांगितलं?” आणि आपलं बोलणं थांबलं. मला तेव्हा तो प्रश्न मूर्खपणाचा वाटला. कुणी सांगावं लागतं का? अन्याय दिसला की बोलायचं. अजूनही मी तेच मानते. पण या वेळी जे सांगायचं आहे ते मला दिसलेलंच नाही. ते तुला दिसलंय. खिडकी तुला माहीत आहे, टेबल तुला माहीत आहे, बाई कोणत्या सुराला डोळे मिटायच्या ते तुला माहीत आहे. त्या खोलीतले बाकीचे दोघं गेले आणि तिसरा कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. तुझ्याशिवाय हे सांगणारं माणूस जगात उरलेलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस तर कोशातलं ते वाक्य कायमचं खरं ठरेल.

वहिनी सांगत होत्या, तू म्हणतोस, बोटं आखडलीत. वाजवायला कोण बोलावतंय तुला? व्हायोलावाली तुझ्यापेक्षा चांगली वाजवते, हे तुला ऐकवायचंच आहे मला. तिचे फक्त काही प्रश्न आहेत. मधल्या संथ भागात तुझ्या पेन्सिलीची एक खूण आहे, अर्धं वर्तुळ आणि त्यात ठिपका, तिचा अर्थ आम्हाला लागत नाही. श्वास घ्यायचा का? थांबायचं? की बाईंचा चहा आला होता?

मंडळाची बैठक येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता सभागृहातच आहे, चौघी वाद्यं घेऊन तिथे असतील. सकाळची गाडी पकडलीस तर जेवायच्या वेळेला पोचतोस. मी स्टेशनवर येईन, सभागृहापर्यंत बरोबर येईन, आणि दाराबाहेर बसेन. आत येणार नाही. वाटल्यास तोंडाला रुमाल बांधते, अध्यक्षांकडून मागून. तू आत जा, अध्यक्षांसमोर उभा राहा, आणि बाईंनी तुला कुठे बसवलं होतं ते स्वतःच्या तोंडानं सांग. लांबलचक नको. तुला जमेल तेवढं, तुला जमेल त्या आवाजात. मग व्हायोलावालीची खुर्ची स्वतःच्या हातानं उचल आणि डावीकडे नेऊन ठेव.

गुरुवार, दादा. सकाळच्या गाडीचं तिकीट आजच काढ.

भोंगा